चिरंजीवाचे एकटेपण

समजा, एखाद्या महाप्रलयात मनुष्यजातीने आजवर मिळविलेले सारे ज्ञान नष्ट झाले आणि मागे एकच माणूस उरला. मात्र त्याला मृत्यू नाही. बुद्धी तल्लख, चिकाटी अखंड आणि हाताशी अमर्याद काळ. हा एकटा माणूस गणितापासून वैद्यकापर्यंतची सारी ज्ञानसंपदा पुन्हा उभी करू शकेल काय? प्रश्न कल्पनेतला असला तरी निरर्थक नाही. ज्ञान कोणाचे, असामान्य व्यक्तीचे की समाजाचे, या जुन्या वादाचेच हे टोकाचे रूप आहे.

चिरंजीव ही कल्पना आपल्याला नवी नाही. सप्तचिरंजीवांत अश्वत्थामा आहे आणि व्यासही आहेत. पण दोघांच्या अमरत्वात केवढे अंतर! सौप्तिकपर्वात श्रीकृष्णाने अश्वत्थाम्याला शाप दिला तो असा की, तीन हजार वर्षे तू निर्जन प्रदेशांतून भटकशील आणि कोणाशीही तुझे संभाषण घडणार नाही. शापाचे मर्म दीर्घायुष्यात नव्हते, त्या संवादशून्यतेत होते. उलट व्यासांनी आपली विद्या सुमंतु, जैमिनी, पैल, वैशंपायन आणि पुत्र शुक यांच्या हवाली केली. स्वतः चिरंजीव असलेल्या गुरूलाही शिष्यांवाचून चालले नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

एकट्या अमराला पुष्कळ साधेल, हे प्रथम मान्य केले पाहिजे. हॅलेचा धूमकेतू सुमारे ७६ वर्षांनी परततो; सामान्य माणसाला तो बहुधा एकदाच दिसतो, याला तो शेकडो वेळा दिसेल. ऋतुचक्र, वनस्पतींचे गुणधर्म, ग्रहांच्या गती यांची नोंद तो शतकानुशतके ठेवील. गणितात तर एकान्त अडसरही ठरणार नाही, असे कोणी म्हणेल आणि रामानुजनांचे उदाहरण देईल.

ते उदाहरण नीट तपासावे. रामानुजनांनी बरेच गणित एकट्याने शोधले हे खरे. पण त्यांच्या हाती कार यांचा, हजारो सिद्धान्तांचा संग्रह असलेला ग्रंथ होता. म्हणजे पूर्वसूरींची शिदोरी होतीच. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिले, तेव्हा त्यांतील काही सिद्धान्त युरोपात आधीच ठाऊक असलेले निघाले, काही सर्वस्वी नवे होते, तर मूळ संख्यांसंबंधीचे काही दावे चुकीचे ठरले. नवे कोणते, जुने कोणते आणि चूक कोठे, हे सांगायला दुसरा माणूसच लागला. प्रतिभा एकट्याची असू शकते. पडताळा एकट्याचा असू शकत नाही.

काही ज्ञान तर असे आहे की, ते एकट्याला मिळणे स्वभावतःच अवघड. सूर्य पृथ्वीपासून किती दूर आहे, हे शुक्राच्या अधिक्रमणावरून काढता येईल, असे हॅले यांनी १७१६ मध्ये मांडले. शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पृथ्वीच्या दूरदूरच्या ठिकाणांहून त्याचा मार्ग किंचित वेगळा दिसतो. त्या फरकावरून अंतर निघते. हॅले १७४२ मध्ये वारले. १७६१ आणि १७६९ ची अधिक्रमणे आपल्याला दिसणार नाहीत, हे जाणूनच त्यांनी पुढच्या पिढीला हाक दिली होती.

त्या हाकेला ओ देऊन ल झांतील हा फ्रेंच ज्योतिर्विद भारताकडे निघाला. १७६१ चे अधिक्रमण त्याला हलत्या जहाजावरून पाहावे लागले, त्यामुळे ती निरीक्षणे कुचकामी ठरली. तो आठ वर्षे इकडेच थांबला आणि १७६९ मध्ये पाँडिचेरीला ऐन वेळी आभाळ भरून आले! पण त्याच वेळी कॅप्टन कुकची मंडळी ताहितीहून आणि इतर अनेक जण अन्य ठिकाणांहून पाहत होते. साऱ्यांची निरीक्षणे जुळवून सूर्याचे अंतर आजच्या सुमारे १५ कोटी किलोमीटरच्या आकड्याजवळ आणता आले. आपला चिरंजीव पुढच्या अधिक्रमणासाठी १०५ वर्षेही थांबला असता. पण एकाच क्षणी दोन ठिकाणी तो कसा उभा राहणार? त्याच्यापाशी काळ अमाप आहे, स्थान मात्र एकच.

वैद्यकाचेही तसेच. लस टोचलेल्यांची न टोचलेल्यांशी तुलना करावयाची तर दोन्हीकडे माणसे हवीत. ज्याला मरणच नाही, त्याच्या देहावरून मर्त्यांच्या रोगांची चिकित्सा काय ठरणार?

याहून मोठा धोका स्वतःच्या चुकीचा. येथे पुन्हा महाभारताकडेच वळावे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये त्याच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. भारतभरच्या निरनिराळ्या लिप्यांतील १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. काश्मीरच्या लेखनिकाची चूक मलबारच्या लेखनिकाच्या पोथीने उघडी पाडावी, असे ते कार्य. एकाच अमर लेखनिकाने तीच पोथी हजार वेळा उतरविली असती, तर त्याची चूकही त्याच्याबरोबर अमर झाली असती. प्रमुख संपादक सुखठणकर १९४३ मध्ये निवर्तले. काम थांबले नाही. बेलवलकर आले, वैद्य आले आणि १९६६ मध्ये ते तडीस गेले.

तेव्हा उत्तर स्पष्ट आहे. ज्ञानाला अमर माणूस नको, न तुटणारी साखळी हवी. ही साखळी कोणी एक महापुरुष राखीत नाही. वर्गात शंका विचारणारा विद्यार्थी, आपली चूक फळ्यावर पुसून दुरुस्त करणारा शिक्षक आणि कागदपत्र नीट लावून पुढच्याच्या हाती देणारा कारकून हे तिचे दुवे आहेत. ज्या वर्गात प्रश्न विचारणे हा उद्धटपणा मानला जातो, तेथे मुले कितीही असोत, प्रत्येक जण अश्वत्थाम्याच्या शापातच बसलेला असतो. प्रलयाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्ञान तेथे आजही बुडतच असते.