इन्सर्ट शॉट : पडद्यावरचे तपशीलदृश्य

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभे असलेले गोसीखुर्द धरण अकरा किलोमीटरांहून अधिक लांब आहे. त्याला ३३ दरवाजे आहेत आणि त्याची पायाभरणी १९८८ साली झाली. या धरणावर माहितीपट करणारा छायाचित्रकार आधी दूरचे, विस्तीर्ण दृश्य घेईल आणि ते योग्यच आहे. मात्र पाणी किती चढले, दरवाजा किती उचलला, कोणाची जमीन संपादित झाली, यांपैकी काहीही त्या दृश्यातून कळत नाही. त्यासाठी पाणीपातळीच्या पट्टीवरचा आकडा, बटणावर टेकलेले बोट किंवा भूसंपादनाच्या नोटिशीवरचा गट क्रमांक पडदाभर दाखवावा लागतो. चालू प्रसंगातील एखादी वस्तू, मजकूर अथवा हाताची कृती अशी वेगळी काढून दाखवणाऱ्या चित्रणाला चित्रपटसृष्टीत ‘इन्सर्ट’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘तपशीलदृश्य’ हा शब्द योजला आहे.

त्याची सीमा नीट आखून घेतली पाहिजे. चेहऱ्याचे समीपदृश्य म्हणजे तपशीलदृश्य नव्हे, कारण चेहरा भाव सांगतो, तर तपशीलदृश्य वस्तुस्थिती सांगते. ‘कटअवे’ही त्याहून निराळा. अभियंता बोलत असताना मध्येच नदीकाठचा बगळा दिसला, तर कॅमेरा मूळ कृतीबाहेर गेला. त्याच अभियंत्याच्या हातातील नकाशा दिसला, तर कॅमेरा कृतीच्या आत शिरला. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘नटोरियस’ (१९४६) या चित्रपटात कॅमेरा दिवाणखान्याच्या उंचीवरून सलग खाली येत नायिकेच्या मुठीतील किल्लीपाशी पोहोचतो. त्याचे कार्य तपशीलदृश्याचेच आहे, पण तेथे संकलकाने तुकडा जोडलेला नाही. म्हणून काटेकोर अर्थाने त्याला इन्सर्ट म्हणता येत नाही.

या तंत्राचा उगम चित्रपटाच्या अगदी बाल्यावस्थेत सापडतो. इंग्लंडमधील जॉर्ज आल्बर्ट स्मिथ यांनी १९०० साली ‘ग्रँडमाज रीडिंग ग्लास’ हा छोटा चित्रपट केला. त्यात एक मुलगा आजीच्या भिंगातून घड्याळाची यंत्रणा, पक्षी आणि खुद्द आजीचा डोळा पाहतो. प्रत्येक वस्तू वर्तुळाकार चौकटीत मोठी होऊन दिसते. वस्तू एकाएकी एवढी मोठी का झाली, याचे समाधान प्रेक्षकाला भिंगातून मिळत होते. तीनच वर्षांनी ‘द सिक किटन’मध्ये स्मिथ यांनी ते भिंग काढून टाकले आणि चमच्याने औषध घेणारे मांजराचे पिल्लू थेट मोठे दाखवले. प्रेक्षकाने ते स्वीकारले. माझ्या मते चित्रपटाच्या व्याकरणातील हा फार मोठा टप्पा आहे. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याचे रोप वाढताना चित्रित केले. त्यात प्रसंग नसल्यामुळे त्याला इन्सर्ट म्हणता येणार नाही. तरीही क्षुद्र भासणारी वस्तू पडदा व्यापू शकते, हा विश्वास मराठी माणसाच्या कॅमेऱ्यात आरंभापासून होता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

रंगभूमीला ही सोय नाही. गोसीखुर्दचा परिसर झाडीपट्टी रंगभूमीचा आहे. सुगीनंतर मंडई (जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने येथे रात्रभर नाटके चालतात आणि मंडपात हजारो प्रेक्षक बसलेले असतात. शेवटच्या रांगेतील माणसाला पत्रातील अक्षर दिसणे अशक्य असते, म्हणून नट ते पत्र मोठ्याने वाचतो. पत्रातील मजकूर सर्वांच्या कानी पडल्यावर तो त्या पात्राचे गुपित राहत नाही. चित्रपटात मात्र पात्र एक शब्दही न बोलता प्रेक्षकाला पत्र वाचू देते, आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या पात्राला त्याचा पत्ताही लागत नाही. नाट्यशिल्पाच्या दृष्टीने तपशीलदृश्याची खरी शक्ती येथे आहे.

मराठीत या शक्तीचा जाणीवपूर्वक वापर पाहायचा असेल, तर ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेकडे वळावे. ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) व्ही. शांताराम यांनी दूरभिंगाच्या साहाय्याने राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखवला. शरीराचा भाग असूनही तो डोळा वस्तूसारखा दिसतो, आणि समीपदृश्य कोठे संपते व तपशीलदृश्य कोठे सुरू होते, हा प्रश्न तेथे खरोखरच अवघड होतो. ‘कुंकू’मधील (१९३७) भिंतीवरचे घड्याळ त्याहून अधिक अभ्यसनीय आहे. म्हाताऱ्या काकासाहेबांशी लग्न लावून दिलेल्या नीरेच्या या कथेत ते जुने घड्याळ पुनःपुन्हा येते. आधी ते घरातील एक वस्तू असते. पुढे त्याचा लंबक काकासाहेबांच्या सरत्या आयुष्याचे माप होतो. या चित्रपटात पार्श्वसंगीत योजलेले नाही, वापरले आहेत ते प्रसंगातील नैसर्गिक आवाज. परिणामी लंबकाचा आवाज दृश्याइतकाच मोठा होतो. तपशीलदृश्याला स्वतःचा ध्वनी असावा, हे अनेक दिग्दर्शक आजही विसरतात.

संकलनाच्या टेबलावर तपशीलदृश्य अनेक कामे करते. ते काळ आक्रसते. धरणाचा दरवाजा पूर्ण उचलला जाईपर्यंत प्रेक्षकाला ताटकळत ठेवता येत नाही. पण चक्र फिरू लागले, मग मोजपट्टी, मग कोसळणारे पाणी, अशा तीन तुकड्यांत ती क्रिया पूर्ण भासते. ते काळ लांबवतेही. बटणावरचे बोट दाबण्यापूर्वी थांबलेले दिसले की तोच क्षण ताणला जातो. नटाच्या दोन चित्रणांत मान वळली असेल किंवा वाक्य गाळायचे असेल, तर मध्ये हाताचे दृश्य घालून सांधा झाकता येतो. काही समीक्षक या उपयोगाला कमी लेखतात, मला ते मान्य नाही. फक्त तो तुकडा सांधा झाकण्याबरोबर काही सांगणाराही असावा. मजकूर दाखवायचा असेल, तर तो मनात दोनदा वाचून होईल इतका वेळ पडद्यावर राहावा, हा जुना दंडक उत्तम आहे. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर दोन सेकंदांच्या ४८ चौकटींत चार-पाच शब्दांहून अधिक वाचून होत नाहीत. हल्लीच्या चित्रपटांतील मोबाइलवरचे संदेश बहुधा याच हिशेबात चुकतात.

चित्रणाच्या वेळी ही दृश्ये बहुधा मुख्य काम आटोपल्यावर, पुष्कळदा नटाऐवजी दुसऱ्याच्याच हातांवर घेतली जातात. त्यामुळे बांगड्यांची संख्या, बाहीची घडी, नखे, प्रकाशाची दिशा आणि हात चौकटीत कोणत्या बाजूने शिरतो, यांची नोंद आधीच ठेवावी लागते. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’च्या (१९६४) श्रेयनामावलीत रुमालावर ‘बी’ हे अक्षर भरणारे हात दिसतात. त्या हातांच्या संथ लयीतूनच नायिकेची निवांत, रिकामी दुपार उभी राहते. अशा वेळी हात कोणाचेही चालत नाहीत.

मजकुराच्या तपशीलदृश्यात भाषेचा प्रश्नही येतो. स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘द शायनिंग’मधील (१९८०) टंकलिखित पानांची दृश्ये निरनिराळ्या देशांसाठी त्या त्या भाषेत वेगळी चित्रित केली. कथापटाला हे शोभते. गोसीखुर्दच्या माहितीपटात मात्र सातबाऱ्याचा उतारा दाखवायचा झाला, तर तो मूळ मराठीतच, तलाठ्याच्या शिक्क्यासह दिसला पाहिजे आणि भाषांतर खाली उपशीर्षकात यावे, कारण तेथे तो कागद पुरावा म्हणून पडद्यावर आलेला असतो.