दृष्टिहीन गिऱ्हाईक आणि आपलें संकेतस्थळ

हल्लीं आपल्या सभासदांपैकीं बरेच जण गूळ, हळद, बेदाणा, आंबा इत्यादि माल दलालाच्या हातीं न देतां परस्पर गिऱ्हाइकास विकूं लागले आहेत, व त्याकरितां स्वतःचें लहानसें संकेतस्थळहि करवून घेत आहेत. हा उद्योग स्तुत्य आहे. परंतु हीं स्थळें कोणास वाचतां येतात व कोणास येत नाहींत, इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. आमचेंहि नव्हतें.

आमच्या पुतण्यानें गेल्या वर्षीं गुऱ्हाळाच्या मालासाठीं असें एक स्थळ करविलें. छायाचित्रें उत्तम, रंग मोहक; पाहून आम्ही संतुष्ट झालों. दिवाळीच्या सुमारास आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनीं तेथून पांच किलोची ढेप मागविण्याचा यत्न केला. या गृहस्थांची दृष्टि काचबिंदूनें गेली आहे. त्यांचा मोबाईल पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखवितो, त्यानें वाचलें तें इतकेंच : "चित्र. चित्र. बटण. चित्र." भाव कोठेंच नाहीं, कारण आमचें भावपत्रक म्हणजे छापखान्यांतून आणलेल्या हस्तपत्रकाचें छायाचित्र होतें. अखेर त्यांनीं बाजारांतून दुसऱ्याचा गूळ घेतला, व हें आम्हांस सहज बोलतां बोलतां सांगितलें. आम्हांस फार ओशाळल्यासारखें झालें. नोकरींत असतां अंगठा करणाऱ्या खातेदारास फेरफाराची नोंद वाचून दाखविल्याखेरीज आम्हीं कागद कधीं पुढें सरकूं दिला नाहीं. आणि घरच्याच दुकानांत भाव असा कीं तो कोणी वाचून दाखवूंच शकत नाहीं!

या वाचून दाखविणाऱ्या साधनास स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड फोनांत टॉकबॅक व आयफोनांत व्हॉइसओव्हर या नांवानें तें मुळांतच असतें. विंडोज संगणकासाठीं एन.व्ही.डी.ए. हें मोफत मिळतें. आपण पडदा पाहतों तसें हें साधन पाहत नाहीं. पानाच्या मागें जो मजकूर लिहिलेला असतो, तो तें क्रमानें वाचीत जातें. चित्रांत छापलेलीं अक्षरें त्याच्या लेखीं अक्षरें नव्हेत. कांहीं साधनें हल्लीं तींहि ओळखूं पाहतात, पण भावाच्या आंकड्यांत अंदाजावर विसंबणें बरें नव्हे. म्हणून भाव, वजन, पत्ता व फोन क्रमांक हे साध्या मजकुरांतच लिहावे. प्रत्येक चित्रास पर्यायी मजकुराची एक ओळ जोडतां येते. ती पडद्यावर दिसत नाहीं, पण वाचली जाते. तेथें नुसतें "गूळ" लिहून भागत नाहीं. "पांच किलोची ढेप, कागदांत बांधलेली" असें लिहावें.

मराठी लिहिणाऱ्यांस येथें एक खांचखळगा आहे. छापखान्यांतील पुष्कळ मजकूर जुन्या टंकांत असतो. त्याचें रूप देवनागरी, पण आंत सारीं रोमन अक्षरें! तो तसाच उचलून स्थळावर चिकटविला तर स्क्रीन रीडर अर्थहीन बडबड करितो. मजकूर युनिकोडमध्येंच हवा. शिवाय पानाची भाषा मराठी आहे अशी खूण करणाऱ्यानें पानाच्या प्रारंभीं करून ठेवावी, म्हणजे यंत्र मराठी उच्चारांचा आवाज निवडूं शकतें.

सर्व अडचणी केवळ अंधांच्याच आहेत असें नाहीं. मोतीबिंदू होऊं लागलेल्या माणसास फिकट अक्षरें दिसत नाहींत, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या जागतिक संस्थेनें याविषयींचे नियम प्रथम १९९९ सालीं, व पुढें सुधारून २००८, २०१८ आणि २०२३ सालीं प्रसिद्ध केले. त्यांच्या मध्यम पायरीप्रमाणें साध्या आकाराचीं अक्षरें व त्यांची पार्श्वभूमि यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान ४.५ ला १ असावें. पांढऱ्यावर काळीं अक्षरें २१ ला १ भरतात. पांढऱ्यावर शुद्ध पिवळीं जेमतेम १ च्या वर. आमच्या पुतण्यास गुळाचा सोनेरी रंग फार प्रिय होता. तो आतां अक्षरांतून काढून कडेच्या पट्टीस दिला आहे. "लाल रंगांतील माल संपला आहे" असेंहि लिहूं नये, कारण लाल-हिरवा भेद ज्यांस कळत नाहीं असे पुरुष पुष्कळ आहेत. "संपला" हा शब्दच लिहावा. हात कांपणाऱ्यांसाठीं बटणें मोठीं व सुटीं ठेवावीं, आणि चित्रफितींत बोललेलें बहिऱ्यांसाठीं खालीं लिहून द्यावें.

२०११ च्या शिरगणतींत देशांत २ कोटी ६८ लक्ष दिव्यांग नोंदले गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें खासगी सेवा देणाऱ्यांवरहि सुगम्यतेची जबाबदारी टाकली आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें डिजिटल सेवांपर्यंत पोंचणें हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरविला. एक बटण बसवा म्हणजे सारें स्थळ सुगम्य होतें असें सांगणारे विक्रेते भेटतात. ज्या चौकटीस मुळीं नांवच दिलेलें नाहीं, तींत काय लिहावयाचें हें त्या बटणासहि खात्रीनें ठरवितां येत नाहीं. तेव्हां तो पैसा राखावा.

परीक्षा घरींच करतां येते. संगणकाचा माऊस बाजूस ठेवावा व केवळ टॅब आणि एंटर या कळांनीं मागणी पुरी होते कीं नाहीं तें पाहावें. नंतर फोनवर टॉकबॅक चालू करून डोळे मिटावे. मात्र तो बंद कसा करावयाचा हें आधीं शिकून घ्यावें. तो चालू असतां एका टिचकीनें वस्तु निवडली जाते व दोन टिचक्यांनीं उघडते, हें ठाऊक नसल्यामुळें आमचा अर्धा तास गेला.

भावपत्रक पुतण्यानें एका संध्याकाळीं टंकून काढलें. संक्रांतीपूर्वीं आमच्या सहकाऱ्यांनीं स्वतःच दोन ढेपा मागविल्या. चौकटींस नांवें नसल्यामुळें पिनकोड नांवाच्या जागीं जाऊन बसला, तेवढा आम्हीं फोन करून सुधारला व चौकटींस नांवें दिलीं. गुऱ्हाळाच्या चित्रफितीखालीं मजकूर लिहावयाचें काम आमच्याकडे आहे. तें अद्याप अर्धेंच झालें आहे.