अंगावरून जातंय का?

जुलैत मलकापुरात कपडे वाळत नाहीत. आंबा घाटाकडून आलेला पाऊस शाहूवाडी तालुक्यात आठ-आठ दिवस मुक्काम ठोकतो. शिवारात भाताची लावण चाललेली असते आणि घरात चुलीच्या धगीवर दोरी बांधून कपडे टांगलेले असतात. अशाच एका सकाळी मी इथल्या एका दवाखान्यात वही घेऊन बसले होते. गरोदर बायकांची तपासणी होती. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, बाळाचे ठोके, सगळं रांगेनं चाललं होतं. मला मात्र ज्या दुखण्याबद्दल बायका सहसा बोलत नाहीत, त्याची तपासणी पाहायची होती. ते दुखणं म्हणजे गरोदरपणातला योनीमार्गाचा बुरशीसंसर्ग.

सहावा महिना लागलेली एक मुलगी आत आली. साडीचा काठ ओला होता, पायाच्या नखांत लावणीचा चिखल होता. सिस्टरांनी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधता बांधता विचारलं, "अंगावरनं जातंय का गं?" उत्तर आलं नाही. "खाज सुटती?" मुलीनं दाराकडे पाहिलं. "आत्ती भाईर बसल्यात."

"बसूं देत. हितं तू आन मी."

मग हळूच शब्द आले. "पंधरा दीस झालं. रातीला झोप न्हाई."

नंतर मी सिस्टरांना विचारलं, की हा प्रश्न पट्टा बांधतानाच का? त्या म्हणाल्या, "हात हातात असला की बाई बोलते. टेबलापलीकडून विचारलं की 'काही नाही' म्हणते." मला ते लगेच पटलं. माझ्या पहिल्या खेपेला शिकलेली, शहरात राहणारी मी तीन आठवडे गप्प होते. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

या गप्प राहण्याचं मोजमाप महाराष्ट्रातच झालं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के.

मुलीची परवानगी घेऊन डॉक्टरबाईंनी तिला पडद्याआड नेलं. मी अलीकडेच थांबले. आतून त्यांचा आवाज येत होता. आता काय करणार, कुठं गार लागेल, हे त्या आधी सांगत आणि मगच हात लावत. थोड्या वेळानं कापसाचा बोळा लावलेली काडी घेऊन त्या बाहेर आल्या. स्राव घट्ट, पांढरा, फुटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा होता. त्याला वास नव्हता.

"बघून निम्मं कळतं, पण निम्म्यावर औषध द्यायचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. गरोदरपणात पातळ, बिनवासाचा पांढरा स्राव वाढतो. खाज किंवा आग नसेल, तर त्यात आजार काहीच नसतो. करडा पातळ स्राव आणि मासळीसारखा वास असेल, तर बहुधा जिवाणूंचं काम. हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाचा परजीवी. या दोन्हींवर बुरशीचं औषध चालत नाही.

आधी त्यांनी रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्टीनं आम्लता (पीएच) पाहिली. बुरशीच्या संसर्गात ती बहुधा नेहमीसारखीच, साडेचारच्या आत राहते. बाकीच्या दोन्हींत आकडा वर जातो. मग दोन काचपट्ट्या घेतल्या. एकीवर सलाईनचा थेंब टाकला, त्यात ट्रायकोमोनास असला तर पोहताना दिसतो. दुसरीवर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. त्यात शरीराच्या पेशी विरघळतात आणि चिवट भिंतींची बुरशी मागं उरते. प्रयोगशाळेतल्या दादांनी सूक्ष्मदर्शक जुळवून मला जागा दिली. अंडाकृती पेशी, काहींना बाजूला कोंब फुटलेले, आणि मधून मधून मण्यांच्या माळेसारखे लांब तंतू. ही कॅन्डिडा.

कॅन्डिडा बाहेरून आलेली असतेच असं नाही. पुष्कळ बायकांच्या अंगात ती निमूट राहत असते. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, तसा योनीच्या पेशींत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठाही वाढतो. बुरशीला खाऊ मिळतो आणि ती फोफावते. अँटिबायोटिक्सनं योनीतले राखणदार जिवाणू मेले किंवा रक्तातली साखर वाढली, तर आणखीच. म्हणून संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, तर 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासतात. ती 140 किंवा त्याहून जास्त भरली, तर तो गरोदरपणातला मधुमेह. यात बाईच्या चारित्र्याचा किंवा अस्वच्छतेचा प्रश्नच येत नाही, हे सिस्टर प्रत्येकीला मुद्दाम सांगतात.

औषध साधं आहे. क्लोट्रिमॅझोलची गोळी रात्री झोपताना योनीत ठेवायची, अशा सात रात्री. सिस्टरांनी मुलीला हात धुण्यापासून सगळं समजावलं आणि बजावलं, "दोन दिसांत खाज थांबंल. तरी साती गोळ्या संपवायच्या."

पोटात घ्यायची फ्लुकोनॅझोलची गोळी मात्र गरोदरपणात टाळतात. अशा तक्रारींसाठी सरकारी योजनेत मिळणाऱ्या हिरव्या किटमध्ये ती असते, पण ते किट गरोदर बाईसाठी नाही. 2016 साली डेन्मार्कमधल्या मोठ्या अभ्यासात, गरोदरपणात ही गोळी घेतलेल्या स्त्रियांत गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं. दुकानातून 'एका गोळीचं' औषध विचारून आणणाऱ्या प्रत्येक नवऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं.

निघण्याआधी सिस्टरांनी विचारलं, "परकर, चड्डी कुठं वाळत घालतीस?" मुलगी म्हणाली, "साडीखाली. दिसू ने म्हणून." ओलावा आणि ऊब बुरशीला मानवते. लावणीहून आल्या आल्या कोरडं नेसायचं, कपडे सुती वापरायचे, ऊन नसेल तर धगीवर पुरते वाळवायचे. आत जंतुनाशकाचं किंवा तुरटीचं पाणी घालायचं नाही. त्यानं राखणदार जिवाणूच जातात.

मग त्यांनी सासूबाईंना आत बोलावलं. "हिला औषध दिलंय. सात दिवस चिखलात धाडू नका." म्हातारी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मलाबी हुतं हे. थोरल्याच्या येळंला. कुनाला सांगायचं?"

या संसर्गानं पोटातल्या बाळाला सहसा धोका होत नाही. कधी जन्मताना त्याच्या तोंडात बुरशी जाऊन पांढरे चट्टे येतात, तेही औषधानं बरे होतात. पण पाण्यासारखं एकदम वाहू लागलं, रक्त दिसलं, घाण वास आला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील, तर तिला त्या दिवशी घेऊन जा. आणि त्याआधी, घरातच, तिचा हात हातात घेऊन तो प्रश्न विचारा.