परदेश प्रवासातील स्थानिक चलन आणि बक्षिसी

परदेशी सहलीत प्रवाशाला यजमान देशाचे चलन मिळवावे, बाळगावे व खर्च करावे लागते. सेवा देणाऱ्या व्यक्तीस देयकाव्यतिरिक्त स्वेच्छेने दिलेल्या रकमेस बक्षिसी किंवा बोलीभाषेत टिप म्हणतात. मराठीतील 'बक्षीस' हा शब्द मूळचा फार्सी. महाराष्ट्रात दिवाळीची पोस्त ओळखीच्या माणसाला वर्षातून एकदा दिली जाते. परदेशातील बक्षिसी अनोळखी व्यक्तीला, दिवसातून अनेकदा आणि अपरिचित नोटांत द्यावी लागते. मराठी प्रवाशांचा गोंधळ बव्हंशी यातूनच होतो.

भारतातून नेता येणारे चलन

१९७३ च्या विदेशी विनिमय नियमन अधिनियमाच्या काळात पर्यटनासाठी परकीय चलन अत्यल्प मिळे. त्याची जागा घेणारा विदेशी विनिमय व्यवस्थापन अधिनियम, १९९९ हा १ जून २००० पासून अमलात आला. उदारीकृत विप्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता अथवा पाठवता येते. मात्र बहुतेक देशांसाठी रोख नोटांची मर्यादा प्रत्येक प्रवासास ३,००० डॉलर इतकी आहे. उर्वरित रक्कम प्रवासी कार्डावर घेतली जाते.

ग्रामीण भागातील बँक शाखांत परकीय नोटा सहसा उपलब्ध नसतात. त्यामुळे राळेगणसिद्धीसारख्या गावातील प्रवाशाला पुणे किंवा मुंबईतील अधिकृत विनिमयकर्त्याकडून त्या आधीच घेणे सोयीचे पडते. विमानतळावरील दर बहुधा महाग असतो. नोटा घेताना लहान मूल्याच्या मागून घ्याव्यात, कारण शंभर डॉलरच्या नोटेतून दोन डॉलरची बक्षिसी देता येत नाही.

परदेशात कार्डाने पैसे देताना यंत्र कधीकधी रुपयांत रक्कम घ्यावी का, असे विचारते. रुपयांतील आकडा ओळखीचा वाटला, तरी त्यात विनिमयाचा जादा आकार मिसळलेला असतो. स्थानिक चलनाचा पर्याय निवडणे बहुधा स्वस्त पडते.

नेपाळ आणि भूतान

पशुपतिनाथ व मुक्तिनाथ येथे जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंना नेपाळचे चलन सोपे वाटते, पण फसगतही तेथेच अधिक होते. १९९३ पासून १ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये असा दर स्थिर आहे. दोन्ही चलनांचे नाव रुपयाच असल्याने दुकानदाराने सांगितलेली किंमत कोणत्या रुपयांत आहे हे विचारून घ्यावे लागते. तेथे भारतीय रुपयांस 'आयसी' व नेपाळी रुपयांस 'एनसी' म्हणतात. एनसीमध्ये सांगितलेले १,६०० रुपये भारतीय नोटांनी तसेच मोजून दिल्यास ६०० रुपये जादा जातात.

नोटांच्या मूल्याविषयीचे नियमही वेगळे आहेत. नेपाळ सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये १०० रुपयांहून अधिक मूल्याच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. असे नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी ताजी स्थिती पाहावी. १०० रुपयांपर्यंतच्या नोटा जवळ असल्यास अडचण येत नाही. भूतानचे ङुल्ट्रम भारतीय रुपयाच्या बरोबरीचे आहे आणि भारतीय रुपयाही तेथे चालतो.

बक्षिसीच्या प्रथा

अमेरिकेत बक्षिसी नावापुरतीच ऐच्छिक आहे. बक्षिसी मिळणाऱ्या कामगारांसाठी मालकाने द्यावयाचे संघीय किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे. काही राज्यांत ते अधिक असले, तरी अनेक ठिकाणी वाढप्याची कमाई ग्राहकावर अवलंबून असते. त्यामुळे उपाहारगृहात देयकाच्या १५ ते २० टक्के रक्कम देण्याची रीत आहे आणि ती टाळणे म्हणजे प्रत्यक्षात दुसऱ्याच्या मजुरीस हात घालणे ठरते. जपानमध्ये याउलट बक्षिसीची प्रथा नाही. टेबलावर ठेवलेले पैसे विसरले समजून कर्मचारी परत करायला धावत येतात. फ्रान्समध्ये सेवेचे मूल्य दरातच धरलेले असते. सिंगापूरमध्ये अनेक उपाहारगृहे देयकात १० टक्के सेवाशुल्क लावतात. ते न वाचता पुन्हा बक्षिसी देणारे प्रवासी थोडे नाहीत. समूहसहलींत वाहनचालक व मार्गदर्शकाची बक्षिसी अनेकदा आधीच गोळा केलेली असते, याची चौकशी आयोजकाकडे करावी.

बक्षिसी आणि लाच

मराठीत 'चहापाणी' हा शब्द बक्षिसी व लाच या दोहोंसाठी वापरला जातो. अण्णा हजारे यांनी १९९१ मध्ये राळेगणसिद्धी येथून सुरू केलेल्या भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलनाचा रोख शासकीय कामासाठी दिल्या-घेतल्या जाणाऱ्या अशाच पैशांवर होता. परदेशात हा फरक विसरणे महागात पडते. खोली आवरणाऱ्यास दिलेली नोट बक्षिसी असते, पण पारपत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे किंवा पोलिसापुढे काम व्हावे म्हणून सरकवलेली नोट हा गुन्हा असतो. सिंगापूरच्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यानुसार लाच देणाऱ्यासही १,००,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

उरलेले चलन

परतल्यावर न वापरलेल्या परकीय नोटा १८० दिवसांच्या आत अधिकृत विनिमयकर्त्यास परत द्याव्या लागतात. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा स्वतःजवळ ठेवता येतात. नाण्यांना मर्यादा नाही, परंतु विनिमयकर्ते ती सहसा घेत नाहीत. याच कारणाने परदेशातील कर्मचाऱ्यास भारतीय नाणी बक्षिसी म्हणून देऊ नयेत, कारण ती त्याला कोठेही बदलून मिळत नाहीत.