बाळंतपणाची जागा

पहिलटकरणीनें बाळंतपणास माहेरीं जावें, ही रीत यवतमाळ जिल्ह्यांत उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेंच जुनी आहे. जागा ठरली कीं माणसेंही ठरत: आई, आजी आणि गांवची सुईण. अंधारी खोली, बाज, शेगडी, ओव्याची धुरी हा त्या जागेचा सरंजाम. सासरीं कण्हावयासही संकोचणारी मुलगी येथें मोकळेपणीं ओरडूं शके. तिनें फेऱ्या घालाव्या, बसावें, ओणवें व्हावें. कोणी अडवीत नसे. पण त्याच खोलींत मृत्यूलाही मोकळी वाट होती. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव दोन तासांच्या आंत प्राण घेऊं शकतो, आणि त्यावर सुईणीपाशीं इलाज नव्हता. त्या खोलीची आठवण गोड करून सांगणारांनीं हें विसरूं नये.

इस्पितळ म्हटलें कीं जीव वांचला, असेंही मात्र नव्हे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयांत १८४० नंतरच्या वर्षांत दोन प्रसूतिकक्ष होते. एक वैद्यकीच्या विद्यार्थ्यांचा, दुसरा सुइणींचा. पहिल्यांत सूतिकाज्वरानें इतक्या अधिक स्त्रिया मरत कीं, दुसऱ्यांत जागा मिळावी म्हणून बायका गयावया करीत. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच प्रसूतीस लागतात, हें सेमेलवाइस यांनीं १८४७ मध्यें ओळखलें. क्लोरीनच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ती होतांच मृत्यु झपाट्यानें घटले.

महाराष्ट्रांत बाळंतपण आतां बहुतांशीं घराबाहेर गेलें आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें २००५-०६ मध्यें शेंकडा सुमारें ६५ बाळंतपणें संस्थांत झालीं होतीं. २०१९-२१ च्या पाहणींत तें प्रमाण ९५ च्या जवळ पोंचलें. २००५ ची जननी सुरक्षा योजना, गांवोगांवच्या आशा कार्यकर्त्या आणि २०१४ पासूनची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, ह्यांचा त्यांत मोठा वांटा आहे.

तथापि यवतमाळसारख्या जिल्ह्यांत ‘दवाखाना’ ही एक जागा नसते. झरी-जामणी किंवा मारेगांव तालुक्यांतील कोलामांच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, एखादी स्त्री घ्यावी. आधीं प्राथमिक आरोग्य केंद्र. तेथें अडलें तर ग्रामीण रुग्णालय. गुंतागुंत वाढली तर थेट यवतमाळचें वैद्यकीय महाविद्यालय, जें वणीपासूनच सुमारें शंभर किलोमीटर दूर आहे. एकाच बाळंतपणांत तीन उंबरे, आणि प्रत्येक ठिकाणीं नवे चेहरे. घरीं ती कोलामी बोलते, परिचारिका मराठी. आई किंवा सासू दाराबाहेर राहते, आणि बाई उताणी निजून छताकडे पाहते.

शहरांतील गृहिणींस हें केवळ मनाचें दुखणें वाटेल. तसें तें नाहीं. भीतीनें शरीरांत ॲड्रेनलिन वाढतें आणि तें कळा मंदावूं शकतें. उताणें निजल्यानें गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो, आणि बाळाला खालीं येण्यास पृथ्वीच्या ओढीचें साहाय्य मिळत नाहीं. जिच्याजवळ सतत कोणी असतें तिची प्रसूति थोडी लवकर होते व शस्त्रक्रियाही कमी लागते, असें अनेक देशांतील चांचण्यांवरून दिसून आलें आहे. म्हणूनच भारत सरकारनें २०१६ मध्यें सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीस एक स्त्री ठेवण्याची मुभा दिली. परंतु जेथें एका दालनांत ओळीनें खाटा आणि मध्यें पडदा नाहीं, तेथें एकीची आई आंत आली कीं दुसरीची अब्रू उघडी पडते. मग मुभा कागदावरच राहते. पडद्याच्या कापडाला असे किती पैसे पडतात? खासगी रुग्णालयांत पडदा असतो, खोलीही असते. पण २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणें देशांतील खासगी संस्थांत शेंकडा ४७ बाळंतपणें शस्त्रक्रियेनें झालीं, सरकारी संस्थांत १४.

आदिवासी भागांतील कांहीं आरोग्य केंद्रांच्या आवारांत राज्य शासनानें ‘माहेरघरें’ उघडलीं. दिवस भरत आले कीं गर्भवतीनें लहान मूल व घरचें एक माणूस बरोबर घेऊन तेथें कांहीं दिवस आधीं येऊन राहावें, अशी ती योजना. पावसाळ्यांत नाल्याला पूर येऊन पोडाची वाट तुटते, तेव्हां तिचा उपयोग उघड आहे. पण त्या मुक्कामांत आणखीही कांहीं साधूं शकतें. बाळंतपण करणाऱ्या परिचारिकेचें नांव तिला ठाऊक होतें, आणि प्रसूतीची खोली तिनें, कळा सुरू होण्यापूर्वीं, दिवसाउजेडीं एकदां पाहिलेली असते.