वाळूच्या मुलखातील वारारोधक झाडपट्टे

राजस्थानच्या पश्चिमेस जैसलमेर, बाडमेर व बिकानेर या बाजूस उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून जो वारा सुटतो, तो शेतातील वरची कसदार माती तर उडवून नेतोच, शिवाय कोवळी रोपे वाळूखाली गाडून टाकतो. त्यास अडविण्यासाठी वाऱ्याच्या दिशेशी काटकोनात झाडांचे पट्टे लावण्याचे प्रयोग जोधपूर येथे १९५२ साली निघालेल्या मरुभूमि वनीकरण केंद्राने केले. १९५९ पासून तेच केंद्र 'काझरी' या नावाने ओळखले जाते.

पट्टा भिंतीसारखा गच्च असावा अशी अनेकांची समजूत असते, ती सोडावी. गच्च पट्ट्यावरून उसळलेला वारा पलीकडे लगेच खाली कोसळून भोवरे उठवितो. सुमारे निम्मा वारा गाळून जाऊ देणारा पट्टाच आपल्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत जोर मोडतो. म्हणून कडेस झुडपे व मधोमध उंच झाडे अशी दुपाखी छपरासारखी ठेवण उत्तम.

आता जातींविषयी. वाऱ्याकडील बाहेरच्या ओळीत बोरडी, म्हणजे आपली चणी बोर, आणि सरकत्या वाळूत फोग लावावा. मधल्या ओळीस इस्रायली बाभूळ लवकर उंची देते; ही जात इकडे १९५८ साली आली. परंतु तिची आडवी मुळे पिकाचे पाणी ओढतात, यास्तव शेताच्या बाजूस चर खणून ती तोडावी लागतात. आतल्या ओळीस खेजडी व रोहिडा घ्यावा. खेजडी म्हणजे आपण दसऱ्यास पूजितो ती शमी. ती वाढीस मंद खरी. पण मूळ खोल जाते, पाला जनावरांस चालतो आणि तिच्याखाली बाजरी चांगली येते. रोहिड्यास मारवाडचा साग म्हणतात, त्याचे कारण त्याचे लाकूड पाहून कळेल.

वेड्या बाभळीचा मोह मात्र टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. जोधपूर संस्थानाने १९४० साली तिला राजवृक्षाचा मान दिला होता. तिच्या शेंगा जनावरे खातात, शेणावाटे बी गावभर पडते आणि पुढे कुरण उरत नाही. एकाच जातीचा पट्टाही करू नये. शेखावाटीत खोडकीड व बुरशी यांनी खेजडीची झाडे वाळल्यावर तेथील कुणब्यांस हे पुरतेपणी उमगले.

खरी अडचण बांधावर येते. पट्टा एका खातेदाराच्या हद्दीत संपला की टोकाशी वारा वळून अधिक वेगाने शेजाऱ्याच्या शेतात शिरतो. सबब लगतच्या खातेदारांनी सलग ओळ धरावी, आणि पट्ट्याखाली गेलेली जमीन व पुढे निघणारे लाकूड यांची वाटणी लावणीपूर्वीच कागदावर उतरवावी. आम्ही महसुली दप्तरात बांधाच्या तक्रारी पुष्कळ पाहिल्या. तोंडी ठरलेले झाड मोठे झाले की कज्जाही मोठा होतो.

लावणी पहिल्या चांगल्या पावसानंतर करावी. पहिली तीन वर्षे शेळ्यांपासून राखण हवी. त्यास तोडलेल्या बोरडीच्या काट्यांचे कुंपण पुरते.