बाकांवरचं पावडर कोटिंग किती टिकतं?

नागपुरातल्या उद्यानांत, तलावाकाठी उघड्यावर असलेल्या लोखंडी बाकांची उन्हाळ्यात खरी परीक्षा असते. मे २०१३ मध्ये इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. जूनपासून पावसाचा मारा.

● लेप कसा बसतो : विद्युतभारित कोरडी पावडर फवारून साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पक्की करतात. जाडी बहुधा ६० ते ८० मायक्रॉन.

● पावडर कोणती : इपॉक्सी गंज चांगला रोखते, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी तिचा पृष्ठभाग भुकटतो. बोट फिरवलं की पांढुरकी पूड लागते. उघड्यावर पॉलिएस्टरच हवी.

● गंज कुठून शिरतो : वेल्डिंगचे सांधे, बोल्टची भोकं, धारदार कडा, पाण्यात राहणारे पाय. तिथे लेप पातळ बसतो किंवा खरचटतो. मग गंज आतून पसरतो आणि पापुद्रे सुटतात.

● आयुष्य कशावर : आधीच्या तयारीवर. तेल-गंज काढून फॉस्फेट प्रक्रिया हवीच. लेपाखाली जस्ताचा थर असेल तर उत्तम.

ओरखडा दिसला की पावसाळ्याआधीच घासून, जस्तयुक्त प्रायमर लावून रंगवून घ्यावा. बाकांच्या निविदेतही पावडरचा प्रकार आणि लेपाची जाडी स्पष्ट लिहायला हवी.